डोळा बंदुकीत की टीव्हीवर?

मंडळी, परतवाड्यात बंदुकीविषयी बोलायला वेगळं कारण लागू नये. हे गाव मुळात एलिचपूरच्या छावणीतून वाढलं. आज मात्र आपली बंदूक प्लॅस्टिकची आहे, वायरीनं व्हिडीओ गेमला जोडलेली.

हात-अंग हलवून टीव्हीवर खेळण्याचा इतिहास बहुतेक जण २००६ पासून, म्हणजे निन्टेंडोच्या 'वी' पासून सांगतात. आपल्या भागापुरतं तरी ते आम्हाला पटत नाही. नव्वदीत आपल्याकडे 'लिटल मास्टर'सारखे गेम आले. ती जपानी फॅमिकॉमची नक्कल. सोबत '९९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट (प्रत्यक्षात खेळ मोजकेच!) आणि बदकं मारायची बंदूक. निन्टेंडोनं ही बंदूक जपानात १९८४ साली काढली होती.

पोरांना वाटायचं, बंदुकीतून काहीतरी सुटतं आणि टीव्हीला लागतं. घडायचं उलटंच. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. त्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर बदक मेलं. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक यायचे, म्हणजे कोणतं लागलं ते वेळेवरून कळे. म्हणजे गोळी टीव्ही झाडायचा, आणि झेलायची बंदूक.

ही डोळ्याची जागा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिथंच फिरतो. १९८९ चा 'पॉवर ग्लोव्ह' हा हातमोजा कानाला न ऐकू येणारा आवाज सोडायचा आणि टीव्हीभोवती लावलेले कान तो टिपायचे. नेम काही धड लागेना, वर्षभरात बंद पडला. 'वी'मध्ये डोळा पुन्हा हातात आला. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणत, पण ती काहीच ओळखत नव्हती! तिच्यात नुसते इन्फ्रारेड दिवे. बघायचं काम रिमोटचं. दोन मेणबत्त्या ठेवल्या तरी भागतं. हाच रिमोट लोकांच्या हातून सुटून टीव्हीवर आदळू लागला, आणि कंपनीला ३२ लाख मनगटी दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या.

२०१० च्या 'कायनेक्ट'नं डोळा टीव्हीपाशी नेला, हात रिकामे केले. ६० दिवसांत ८० लाख विकले गेले. पण त्या डोळ्याला समोर सहाएक फूट मोकळी जागा लागे, दोघं असतील तर आठ. आपल्या समोरच्या खोलीत दिवाण, कूलर आणि मधे बसलेली आजी. "मांगं सरक ना रे बाप्पा" म्हणायला जागा तर पाहिजे! बंदुकीनं असं काही मागितलं नाही. २०१७ साली कायनेक्टचं उत्पादन थांबलं.

बंदुकीची गरज एकच होती: पिक्चर ट्यूबचा टीव्ही. ट्यूब चित्र ओळीओळीनं, सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ओळी काढते, आणि मूळ बंदुकीचा डोळा त्याच लयीला जुळवलेला. सपाट टीव्हीत ती लय नाही, शिवाय चित्र थोडं उशिरा येतं. त्यामुळे त्यावर कॅसेट चालते, बदक उडतं, पण मरत नाही. लोक बंदूक बिघडली समजून फेकतात. तेव्हा माळ्यावर बंदूक आणि जुना टीव्ही दोन्ही असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा जोडून बघा. आता प्रश्न घेऊ.