पाठ टेकून चालवावयाची सायकल

प्रवराकांठच्या संगमनेरांत, मोठ्यांच्या सायकलीच्या त्रिकोणांतून पाय घालून शिकलेल्या पोरास पाठ टेकून, पाय पुढें पसरून चालवावयाची सायकल रुचेल काय? अशा सायकलींपैकीं एकीचा उगम तर एका मुलासाठींच झाला. दुचाकी धोक्याची, म्हणून फ्रान्सच्या शार्ल मोशे यांनीं आपल्या मुलाकरितां अशा बैठकीची चारचाकी पायगाडी केली. पुढें तिचीच दुचाकी झाली. १९३३ सालीं फ्रान्सिस फोर या दुय्यम गणल्या जाणाऱ्या स्वारानें तिच्यावरून तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडून १९१४ चा उच्चांक मोडला. १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल-संघानें तिला शर्यतींतून वगळलें. तरुणांनीं तिला नाकारलें असें नव्हे. ती त्यांच्या दृष्टीआडच राहिली. जें कधीं पाहिलेंच नाहीं, त्याचा हट्ट पोरानें धरावा तरी कसा?