बीन, पखवाज आणि हौशी हात

देवास गेटवरून इंदूरची बस मिळते, देवासचीही मिळते. माळव्याच्या संगीताचा निम्मा इतिहास या दोन रस्त्यांवर घडला. मी संगीतातला जाणकार नव्हे. दवाखाना सांभाळून ऐकणारा माणूस. म्हणून आज मोठ्या कलावंतांपेक्षा हौशी मंडळींविषयी बोलतो. जुने वाद्य त्यांच्या हातात कधी टिकते आणि कधी टिकत नाही, हे समजून घ्यायला इंदूर पुरेसे आहे.

एकोणिसाव्या शतकात होळकर दरबारात दोन असामान्य वादक होते: बीनकार बंदेअली खाँ आणि पखवाजिये नाना पानसे. धनी एक, शहर एक. पुढे दोन्ही वाद्यांची गत मात्र निराळी झाली.

पानसे मूळचे वाईजवळच्या बावधनचे, कीर्तनकाराच्या घरातले. काशीत बाबू जोधसिंगांकडे ते शिकले, असे परंपरा सांगते. त्यांनी विद्या झाकून ठेवली नाही. सखारामपंत आणि अंबादासपंत आगळे, बुऱ्हाणपूरचे गोविंदराव ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांच्यामागे कारकून, मास्तर, पुजारी असे कितीतरी निनावी हात होते. कीर्तनाला साथ हवी, भजनाला हवी, उत्सवाला हवी. वाद्याला काम होते, म्हणून ते खुंटीवरून खाली येत राहिले. प्रत्येक वेळी डाव्या तोंडाला कणीक थापायची, सूर जमवायचा, वाजवून झाले की खरवडून काढायची. आपल्याकडच्या बायकांनी त्या कणकेवरून किती बोलणी ऐकवली असतील!

(आमच्या जैन घरांत चामड्याचे वाद्य पुष्कळांना चालत नाही. बीनला चामडे नाही, पण तिचे पडदे मेणावर बसवतात आणि मेण मधमाशीचे. काटेकोर माणसाने वाजवावे तरी काय!)

बीनचे दुखणे वेगळे होते. पोकळ दांडी, दोन मोठे भोपळे, आवाज खोल पण लहान. सभेत मागे बसलेल्याला ऐकू येणार नाही, कीर्तनात उपयोग नाही. तिला शांत दिवाणखाना आणि कसलीच घाई नसलेला धनी लागे. शिवाय घराण्याबाहेरच्या शिष्याला ती सहसा मिळत नसे. बंदेअलींची अखेरची वर्षे पुण्यात गेली, कबरही तिथेच आहे. त्यांचे शिष्य मुराद खाँ, आणि मुराद खाँचे शिष्य शिवरामपंत दिवेकर. या धाग्याने बीन मराठी घरात आली खरी, पण धागा बारीक राहिला. देवासचे रजबअली खाँ (१८७४–१९५९) बीनही वाजवत. नाव झाले ते ख्यालाने.

आता विलायतेतली एक गोष्ट. रेकॉर्डर नावाची लाकडी बासरी तिथे जवळजवळ विस्मृतीत गेली होती. अर्नोल्ड डोल्मेच यांच्याकडे एक जुनी होती. १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर ती पिशवीसकट हरवली. नाइलाजाने त्यांनी नवी घडवली, मग आणखी घडवल्या. १९२५ पासून हॅझलमेअरला त्यांच्या घरच्या मंडळींनी जुन्या संगीताचा उत्सव भरवला. रेकॉर्डर पुढे शाळांत शिरली, कारण ती स्वस्त होती आणि पहिल्याच आठवड्यात एखादी चाल वाजवता येई. बीन हे कधीच देऊ शकणार नाही. पहिली काही वर्षे ती फक्त मांडी आणि खांदा दुखवते, एवढे मी वैद्यकाच्या अधिकाराने सांगतो!

म्हणून बीनसाठी हौशी वादकांची फौज उभी राहील, ही आशा मला खोटी वाटते. एका गावात दोघे-तिघे पुरेत. मात्र त्यांना वाद्य घडवून देणारा हवा, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. मिरजेला शिकलगारांनी शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. तंबोऱ्याला मागणी आहे, म्हणून पंढरपूरकडचा शेतकरी आजही न खाता येणारा कडू भोपळा लावतो, वेलीवर जून होऊ देतो, वाळवतो. बीनसाठी एकसारखे दोन मोठे भोपळे लागतात. असा जोड शोधायला कारागिराला कधी कधी अख्खा हंगाम थांबावे लागते.