शेकडा चाळीस

सरकारी दप्तरातील काही आकडे असे असतात की ते प्रथम कोणी लिहिले याचा विसर पडतो, परंतु त्यांचा अंमल पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो. अपंगांच्या संदर्भात ४० हा तसा आकडा आहे. शेकडा ४० किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा वैद्यकीय दाखला जवळ असला, तर राखीव जागांचा आणि बहुतेक सवलतींचा दरवाजा उघडतो. ३९ असले तर तो बंदच राहतो. हा उंबरठा आला कोठून?

शरीराची हानी शेकडेवारीने मोजण्याची रीत आपल्या कायद्यात आली ती कामगारांच्या निमित्ताने. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ रोजी अमलात आला. त्याला जोडलेला तक्ता वाचताना अंगावर शहारा येतो. उजवा हात कोपरापाशी किंवा त्याच्या वर तुटला तर ७०, डावा तुटला तर ६०. एक डोळा गेला तर ३०. अंगठा गेला तर २५. (डावखुऱ्या कामगाराची आठवण तक्ता करणाऱ्यांना झालेली दिसत नाही.) मात्र त्या तक्त्याला एक स्वच्छ तर्क होता. तो अपंगत्व मोजत नव्हता. कमाईची शक्ती किती उणावली याचा अंदाज बांधत होता, आणि तोही मालकाने किती रुपये द्यावेत एवढ्यापुरताच. तरीही गुडघ्यापासून गेलेला पाय हमालाचा असो की कारकुनाचा, आकडा एकच, ६०.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न पालटला. १९५९ साली मुंबईत अपंगांसाठी देशातील पहिले खास सेवायोजन कार्यालय निघाले. १९७७ मध्ये केंद्र सरकारने खालच्या श्रेणींतील नोकऱ्यांत शेकडा ३ जागा त्यांच्यासाठी राखल्या. जागा राखली की ती कोणाची, हे ठरवणे ओघानेच आले. आणि प्रत्येक खाते आपापली व्याख्या करू लागले, तर एकच मनुष्य एका खिडकीवर अपंग आणि दुसऱ्या खिडकीवर धडधाकट ठरायचा. म्हणून ६ ऑगस्ट १९८६ रोजी दिल्लीतील कल्याण मंत्रालयाने सर्वांसाठी एकच व्याख्या प्रसृत केली: ४० च्या खाली सौम्य, ४० पासून मध्यम, ७५ पासून तीव्र, आणि कोणत्याही सवलतीसाठी किमान ४०. पुढे १९९५ च्या अपंगविषयक कायद्याने हा आकडा व्याख्येतच गोवला. दिल्लीत जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या वर्षाच्या डिसेंबरात संसदेने तो संमत केला. परंतु त्या विजयातच एक वजाबाकी होती. जो ४० च्या खाली, तो या कायद्याच्या लेखी अपंगच नव्हे. एक डोळा पूर्ण गेलेल्याचे अपंगत्व ३० धरले जाते. म्हणजे तो बाहेर.

मी स्वतः शासनाच्या सेवेत आहे, तेव्हा आकड्याची बाजूही मांडली पाहिजे. आकडा नसला की मर्जी येते, आणि मर्जीच्या मागोमाग वशिला. गावाकडून आलेल्या, कोणाची ओळख नसलेल्या माणसाला आकडाच तेवढा आधार असतो. माझी तक्रार आकड्याविषयी नाही; तो काय मोजतो याविषयी आहे. वैद्यकीय मंडळ सांध्याची हालचाल मोजते, कानाची श्रवणशक्ती मोजते. घरात दुसरे कोणी आहे काय, जिना चढावा लागतो काय, अंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो काय, हे त्या कागदावर उमटत नाही. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतन योजनेने २००९ मध्ये तर उंबरठा ८० वर नेला, आणि तोही दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरता. २०१२ पासून तिची मासिक रक्कम ३०० रुपये झाली.

२०१६ च्या कायद्याने ही गाठ थोडी सैल केली. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. व्याख्येतून ४० निघाले. ते ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या नावाने राखीव जागांसारख्या ठराविक लाभांपुरते उरले. शिवाय ३८ व्या कलमात ‘अधिक आधाराची गरज’ ही निराळी कसोटी आली. म्हणजे गरज हा शब्द कायद्यात शिरला. मधल्या काळात आपण अपंगाचे विकलांग केले आणि विकलांगाचे दिव्यांग. ४० मात्र बदलले नाही.

त्याचा कस सर्वोच्च न्यायालयात लागला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका तरुणाला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता, कारण त्याचे अपंगत्व ४० भरत नव्हते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निर्णय दिला, की लेखनिक ही गरजेची बाब आहे आणि तिला ४० चा उंबरठा लावता येणार नाही. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्यासाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या.

दुसरे प्रकरण महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याचे. त्याचे वाचादोषाचे प्रमाण ४० च्या थोडे वर होते. वैद्यकीय शिक्षणाचा नियम तेव्हा असा होता, की ४० च्या खाली राखीव जागा नव्हती, आणि वाचादोष ४० किंवा अधिक असेल तर प्रवेशच नव्हता! १५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई, न्या. अरविंद कुमार आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सांगितले, की केवळ शेकडेवारीवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय, हे मंडळाने तपासले पाहिजे. तसे तपासल्यावर मंडळाचे मत त्याआधीच अनुकूल आले होते, आणि त्याला प्रवेश मिळाला होता.