तळटीप : ‘चालला, चालला’ या पुनरुक्तीविषयी
लिथुआनियन भाषेत ‘एयो’ म्हणजे चालत होता. वाट अजून सरलेली नाही. त्यालाच ‘प्रि’ हा उपसर्ग लागून ‘प्रिएयो’ झाले, की तो चालत जाऊन पोहोचला. लोककथेतला नायक ‘एयो, एयो’ करत राहतो आणि एका ‘प्रिएयो’सरशी जंगलाच्या कडेला येतो. मराठीत क्रियेची पूर्तता बहुधा मागून जोडलेले क्रियापद सांगते (खाऊन टाकले, निघून गेला). तिथे ती धातूच्या आधीच कानी पडते. म्हणून अनुवादात ही पुनरुक्ती मुद्दाम राखली आहे. ती काटली तर वाटेची लांबीच हरवते. ‘एय्दावो’ (जात असे) मात्र निराळे : तो ‘दाव’ प्रत्ययाचा, सवयीचा भूतकाळ. शेजारच्या लॅटव्हियन भाषेत असे रूप नाही.