निकालावर अनुदान आणि जोतीराव
परीक्षा सर्वांना सारखी, मग अन्याय कसला? हा प्रश्न आम्हाला नवा नाही. 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. 1848 पासून शाळा चालवलेला हा शिक्षक होता, हे विसरू नका. मुलांच्या परीक्षेचा निकाल पाहून शाळेला अनुदान द्यायचे, अशी तेव्हा पद्धत होती. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे ती उपयोगाची नाही, असे त्यांनी बजावले. शिष्यवृत्तीच्या खुल्या स्पर्धेबद्दलही तेच: तत्त्वतः न्याय्य, पण इतर वर्गांत शिक्षण पसरवायला कुचकामी. मित्रांनो, पैसा निकालावर टांगला की मास्तर हमखास पास होणाऱ्यालाच घोटून घेणार. घरात पहिल्यांदाच पाटी आलेले पोर मागेच राहणार. ऊठसूट मेरिट सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी हे निवेदन वाचले आहे?