मुठीतला भात आणि कडक भाकरी

पोकेमॉन बघत मोठं झालेल्यांना ब्रॉकच्या हातातला तो पांढरा त्रिकोण आठवत असेल. इंग्रजी डबिंग करणाऱ्यांनी त्याला बिनधास्त जेली डोनट म्हणून टाकलं होतं. तो भात होता. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये हाकू चिहिरोला जो गोळा देतो आणि तो खाता खाता तिला हुंदका फुटतो, तोही हाच. ओनिगिरी.

जपानीत ‘निगिरु’ म्हणजे मुठीत धरून दाबणं. आपला मुटकाही मुठीवरूनच आलाय. ओनिगिरीचं दुसरं नाव ओमुसुबी, आणि ‘मुसुबु’ म्हणजे बांधणं. शिदोरी आपणही ‘बांधूनच’ देतो. सुशीसाठी माणसं हॉटेलात जातात. ओनिगिरी घरातून बाहेर पडणाऱ्याच्या पिशवीत जाते. ती शिदोरी आहे, एवढं कळलं की तुळजापुरात बसून ती करणं मुळीच विचित्र वाटत नाही.

1987 मध्ये जपानच्या इशिकावा प्रांतात उत्खनन चालू असताना जळून कोळसा झालेला भाताचा एक गोळा सापडला. वय सुमारे 2,000 वर्षं. तपासणीत त्यावर बोटांनी आकार दिल्याच्या खुणा दिसल्या. भात आधी वाफवलेला आणि मग भाजलेला होता. तो खाण्यासाठी नव्हता, देवाला ठेवलेला असावा, असंही काही अभ्यासकांना वाटतं. नैवेद्यावर अख्खं अर्थकारण चालणाऱ्या गावात राहणाऱ्या मला ते लगेच पटलं.

त्याच वर्षी आपल्याकडे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी हा वाण बाहेर पडला, आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून. योगायोगच, पण माझ्या कामाचा. ओनिगिरीला चिकट भात लागतो. तांदळात अमायलोज कमी असलं की शिते एकमेकांना धरून राहतात. बासमती यात साफ नापास, रेशनचा तांदूळही मोकळाच शिजतो. इंद्रायणी मात्र मूठ मिटली की बसते.

मी एक वाटी इंद्रायणी धुऊन अर्धा तास भिजवते आणि जरा कमी पाण्यातच शिजवते. भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच वळायचा. तळहात ओले करायचे, चिमूटभर मीठ चोळायचं, भात घ्यायचा, मधे खळगा करायचा. जपानी लोक त्यात उमेबोशी घालतात, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. मी मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोड घालते, किंवा शेंगा चटणी. खळगा बंद करून तीन-चार वेळा फिरवत दाबायचं. जास्त दाबलं तर लगदा होतो. समुद्री शेवाळाचा कागद इथे कुठून आणणार, म्हणून वरून भाजलेले तीळ.

आईचा या प्रकाराला एकच आक्षेप आहे: “भात काय शिदोरीचं अन्न आहे का?”

तिचं बरोबर आहे. कोजागरीला सोलापूरहून हजारो माणसं पायी तुळजापूरला येतात, साधारण 45 किलोमीटर. आता वाटेत जागोजागी अन्नछत्रं असतात, पण त्याआधी फडक्यात असायची ती कडक भाकरी. ज्वारीची, पातळ थापून पार कोरडी केलेली, दिवसच्या दिवस टिकणारी, सोबत शेंगा चटणी. आमच्या उन्हाळ्यात सकाळचा भात संध्याकाळी आंबतो. जपान्यांनी मीठ आणि आंबट घालून ओला भात टिकवला. आपण भाकरीतलं पाणीच काढून टाकलं.

शिवाय तांदूळ इथला नव्हेच. आईच्या लहानपणी भात सणाला किंवा आजाऱ्याला. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आला तो अमेरिकेचा मिलो, लाल ज्वारी. त्या भाकरीला जुनी माणसं अजून नावं ठेवतात. तांदूळ घरात नेमाने आला तो 1995 नंतर, तोही पोरांच्या पिशवीतून. केंद्राच्या शाळा पोषण योजनेत 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचा. शाळेत शिजवून देणं पुढे सुरू झालं. आज रेशनचा तांदूळ फुकट मिळतो आणि ज्वारी विकत घ्यावी लागते. ज्वारीच्या मुलखात हे असं झालंय.

पण मला ओनिगिरीकडे ओढलं ते एका तारखेने. जपानमध्ये 17 जानेवारी हा ‘ओमुसुबीचा दिवस’ आहे. 1995 च्या त्या दिवशी पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी कोबे शहर हादरलं. 6,400 हून जास्त माणसं गेली. गॅस बंद, पाणी बंद. तेव्हा स्वयंसेवकांनी भाताचे गोळे वळून लोकांच्या हातात दिले. ताट नको, चमचा नको. त्याची आठवण म्हणून 2000 साली हा दिवस ठरवला गेला.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर किल्लारी होतं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक झोपलेले. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली गावं, इकडे सास्तूर, तिकडे किल्लारी, जमीनदोस्त झाली. जवळपास 10,000 माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. ते बसलं तेव्हा माणसांबरोबर चूल आणि पिठाचा डबाही त्याखाली गेला. म्हणजे जे वाचले त्यांच्याकडे भाकरी करायलाही काही नव्हतं.

आई तेव्हा नवीन लग्न होऊन आली होती. ती सांगते, आमच्या गल्लीत दुपारपर्यंत प्रत्येक चुलीवर तवा होता. कुणी मोजलं नाही, कुणी नाव लिहिलं नाही. भाकरी गार करून धोतराच्या फडक्यात बांधायच्या, कारण गरम बांधल्या तर घामेजतात. मधे कोरडी चटणी. कालवण नाही, सांडतं. दुपारनंतर टेम्पो निघाला.

तीस सप्टेंबरला किल्लारीत दरवर्षी श्रद्धांजली वाहतात. भाकरीच्या नावाने तारीख नाही. थापणाऱ्या बायका आता साठीच्या पुढे आहेत, त्यांना विचारलं तर त्या आधी दुसऱ्याच कुणाचं नाव सांगतात: तिने जास्त थापल्या, तिच्या हाताला फोड आला होता. मी हल्ली विचारत सुटले आहे. आमच्या गल्लीतल्या चौघींचं फोनवर रेकॉर्ड करून झालंय. पाचवीने अट घातली की आधी तो जपानी गोळा खायला आण. शेंगा चटणीचा नेला. तिने तो मधोमध फोडला, आत बघितलं आणि म्हणाली, “चटणी भाकरीत दिसते तरी. तुम्ही लपवून का ठेवता?”