मदतगटाच्या पहिल्या सभेची वाट

दारू सोडू पाहणाऱ्याने मदतगटाच्या पहिल्या सभेपर्यंत कसे पोचायचे, याची आजची रीत 1935 ते 1941 या काळात अमेरिकेत घडली. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजेच ‘एए’, ही संघटना तेव्हा आकार घेत होती. सुरुवातीला नवख्याने सभा शोधण्याचा प्रश्नच नव्हता. दारू सोडलेला माणूसच पिणाऱ्याला हुडकत जाई.

पहिला शोध ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात झाला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेले बिल विल्सन मे 1935 मध्ये एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीसाठी तेथे आले होते. बेत फसला. दारू सुटून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बारमधले आवाज कानी पडत होते आणि तिथेच टेलिफोन व शहरातील चर्चची यादीही होती. विल्सन यांनी यादीतील एका धर्मगुरूंना फोन लावला आणि आपल्याला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचे आहे, असे सांगितले. एका फोनवरून दुसरा करत ते हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचले. त्यांनी 12 मे रोजी डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्यांची गाठ घालून दिली. पंधरा मिनिटांत उठायचे, असे ठरवून आलेले डॉक्टर रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 हा दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो.

पुढे दोघांनी इस्पितळाची वाट धरली. तिसरा सदस्य ॲक्रनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये मिळाला. हा वकील नर्सना मारहाण केल्यामुळे खाटेला बांधलेला होता. त्यानंतर तीच पद्धत पडली. नवख्याला आधी इस्पितळात ठेवत. सदस्य पाळीपाळीने खाटेशी येऊन आपापली कहाणी सांगत. हा गट तेव्हा ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीचा भाग होता. त्यामुळे रुग्ण गुडघे टेकून ईश्वराला शरण गेल्यानंतरच त्याला बुधवारच्या सभेत आणले जाई. ही सभा टी. हेन्री आणि क्लॅरेस विल्यम्स या दांपत्याच्या दिवाणखान्यात भरे.

न्यूयॉर्ककडील मंडळी विल्सन दांपत्याच्या ब्रुकलिनमधील घरी जमत. एप्रिल 1939 मध्ये मार्टी मॅन तेथे आल्या. त्या एका खासगी मनोरुग्णालयात उपचार घेत होत्या आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एएच्या आगामी पुस्तकाचे हस्तलिखित वाचायला दिले होते. परक्या माणसांनी भरलेल्या त्या घरात पाऊल टाकताना आपण थरथरत होतो, असे त्यांनी पुढे लिहिले. परतल्यावर मात्र आता आपण एकट्या नाही, हा निरोप त्यांनी रुग्णालयातील एका सहरुग्णाला दिला. त्याच महिन्यात ते पुस्तक प्रसिद्ध झाले आणि गहाणाचे हप्ते थकल्याने विल्सन यांचे घरही गेले.

सभा दिवाणखान्याबाहेर पडली ती 1939 नंतर. मे 1939 मध्ये ओहायोतल्याच क्लीव्हलंड शहराचा गट ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळा झाला, कारण कॅथलिक सदस्यांना त्यांच्या चर्चकडून अडचण येत होती. या गटाने एए हे नाव लावले. ऑक्टोबरमध्ये ‘क्लीव्हलंड प्लेन डीलर’ या दैनिकात लेखमाला येताच चौकशीचे फोन सुरू झाले. वीसेक जणांच्या गटावर शेकडोंचा भार पडला, तेव्हा काही आठवडे न प्यायलेल्यांनाच नवख्यांचे सोबती व्हावे लागले. एएत अशा सोबत्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. जानेवारी 1940 पासून ॲक्रनचा गट किंग स्कूल या शाळेत भरू लागला. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’च्या 1 मार्च 1941 च्या अंकातील लेखानंतर न्यूयॉर्कच्या टपालपेटीत पत्रांचा ढीग पडला आणि सुमारे दोन हजारांची सदस्यसंख्या वर्षअखेर आठ हजारांवर गेली.

इतक्या माणसांसाठी प्रत्येकाची खाटेजवळ पारख करणे शक्य नव्हते. गटागटांनी प्रवेशाचे इतके नियम केले होते, की ते एकत्र लावले असते तर कोणीच आत येऊ शकला नसता. 1946 मध्ये लिहिलेल्या आणि 1950 मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात स्वीकारलेल्या ‘बारा परंपरां’नी, म्हणजे एएच्या मार्गदर्शक तत्त्वांनी, हा घोळ मिटवला. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट उरली. शुल्क नाही, खर्च भागवण्यासाठी सदस्य ऐच्छिक वर्गणी देतात. फक्त पहिले नाव सांगायचे. बंद सभा फक्त पिणे थांबवू पाहणाऱ्यांसाठी असते, तर खुल्या सभेला नातेवाईकही येऊ शकतात. नवखा गप्प बसला तरी चालते. 1951 मध्ये विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी एका सहकारी बाईंसह कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना उभी केली.

भारतात एए 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि मुंबई हे तिचे आरंभीचे ठिकाण ठरले. 1981 मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन स्थापन केले. 1986 मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. दारू सोडलेल्यांनी रुग्णांशी स्वानुभवातून बोलावे, ही पद्धत या केंद्रांतही रुजली. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेकांना पहिली सभा केंद्रात दाखल असतानाच भेटते: बाहेरचा सदस्य खाटेजवळ येतो, आपली कहाणी सांगतो आणि निघताना पुढच्या सभेचा वार व पत्ता देऊन जातो.